तानपुरा सीडीत भरतो, फाइलमध्ये का नाही? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे शास्त्रीय गायनाच्या साठेक सीडी आहेत. मुलाने त्यांच्या एमपीथ्री करून पेनड्राइव्हवर दिल्या. गाणं तेच आहे, पण तानपुरा पूर्वीसारखा भरत नाही. दोष कानाचा की फाइलचा? – एक वाचक, खानापूर

उत्तर : कानाला दोष देऊ नका. आधी संगणकावर फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘बिट रेट’ बघा. बहुधा १२८ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिट, निघेल. सीडीवर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा, तेही डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंसाठी. म्हणजे १,४११ केबीपीएस. १२८ च्या फाइलमध्ये त्याचा जेमतेम अकरावा हिस्सा उरतो. साधारण १६ किलोहर्ट्झ कंपनसंख्येच्या वरचं सहसा कापलंच जातं, आणि खालचंही ‘हे कानाला कळणार नाही’ असा हिशेब करून विरळ केलं जातं. आपल्या संगीतात घात होतो तो इथेच. जवारी (घोडीवर तार घासून येणारी झंकार) नीट लागलेल्या तानपुऱ्यात उपस्वरांचा दाट, सतत हलता थर असतो. बिट अपुरे पडले की तो पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. तबल्यावर चाटेचा (कडेवरचा) ‘ना’ पडण्याआधी बारीक खसखस येते, तीही याचमुळे.

याच एमपीथ्रीची आता फ्लॅक (काहीही न गमावता आकार कमी करणारी) फाइल केलीत तर गेलेलं परत येणार नाही; फाइल फुगेल एवढंच. सीडीवरूनच पुन्हा काढा. त्यासाठी ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, ‘सिक्युअर’ पद्धत निवडा आणि ‘टेस्ट अँड कॉपी’ द्या. ते प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचतं. दोन्ही वेळचे सीआरसी (वाचलेल्या माहितीवरून काढलेले पडताळणीचे) आकडे जुळले तर वाचन भरवशाचं. न जुळल्यास सीडी पुसून पुन्हा लावा, नाहीतर दुसऱ्या ड्राइव्हवर बघा. फ्लॅकची आक्रसण्याची लेव्हल ५ ठेवा किंवा ८, आवाज तोच राहतो, फक्त आकार बदलतो. तासाभराच्या सीडीला साधारण ३०० ते ४०० एमबी लागतात. साठ सीडी ३२ जीबीत बसायला हरकत नाही.

३२० केबीपीएसची एमपीथ्री मात्र चांगल्या यंत्रावरही सीडीपासून वेगळी ओळखणं अवघड जातं. पारखायचं असेल तर दोन्हींचा आवाज अगदी सारखा ठेवा, कारण किंचित मोठं वाजणारं नेहमीच सरस वाटतं. मग तुम्हाला न सांगता अदलाबदल करायला मुलाला लावा. १६ पैकी किमान १२ वेळा बरोबर ओळखलंत, तर फरक खरा धरा.

प्रश्न : फोनमध्ये फ्लॅक फाइल घेतल्या, तरी ब्लूटूथ स्पीकरवर काहीच फरक पडला नाही. – एक वाचक, निपाणी

उत्तर : पडणार नाही. ब्लूटूथवर पाठवताना फोन तो आवाज पुन्हा आक्रसतो. नेहमीच्या एसबीसी पद्धतीत ३२८ केबीपीएसच्या आसपासच जातो. वायर जोडून ऐका.

प्रश्न : सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांवरचं गाणं सीडीपेक्षा बारीक मापात, म्हणजे २४ बिट, ९६ किलोहर्ट्झमध्ये घेतलं तर जास्त चांगलं वाजेल का? – एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. त्या तबकड्यांवर मुळात जेवढं उतरलं, ते सीडीच्या मापात आरामात बसतं. खरा फरक पडतो तो तबकडी कोणत्या अवस्थेतली होती आणि खरखर काढताना किती हात मारला यामुळे. खरखर जास्त पुसली की आवाजाची धार बोथट होते. थोडी खरखर असलेली प्रतच घ्या.

प्रश्न : सीडी अडखळते. कशी पुसू? – एक वाचक, चिकोडी

उत्तर : मऊ, किंचित ओलसर सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नको. मधून कडेकडे गेलेला ओरखडा यंत्र भरून काढतं, कारण माहितीच्या गोलाकार मार्गावर तो थोडीच जागा खातो. मार्गाच्या दिशेने गेलेला मात्र सलग माहिती झाकतो. छापील बाजू अधिक नाजूक असते. ॲल्युमिनियमचा थर तिच्याच लगेच खाली, लाखेच्या पातळ आवरणाखाली असतो. तिच्यावर बॉलपेनने लिहू नका. सीडी उजेडासमोर धरा. टाचणीएवढी भोकं दिसली तर तिथला थर गेला, पुसून उपयोग नाही. अशा सीडी सगळ्यांत आधी फाइलमध्ये काढून घ्या.