करार घ्या, पण तिच्या बाबांनी नोकरी सोडू नये

नमस्कार ताई,

तुमचं पत्र आणि सोबत जोडलेला कराराचा मसुदा, दोन्ही नीट वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुमची मुलगी १८ वर्षांची, २०० मीटर धावते. वीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत ती अंतिम फेरीत धावली आणि यंदा देशाच्या वरिष्ठ संघात तिची पहिल्यांदाच निवड झाली. बूट बनवणाऱ्या एका कंपनीनं तिला डिसेंबर २०२८ पर्यंतचा करार देऊ केलाय. तिचे बाबा ४६ वर्षांचे, नोकरीत कायम. सही झाली की नोकरी सोडायची, तिच्याबरोबर स्पर्धांना जायचं आणि तिचे सगळे व्यवहार सांभाळायचे, असं त्यांनी जवळजवळ ठरवलंय. घराच्या कर्जाची ९ वर्षं बाकी आहेत, धाकटा अजून शाळेत आहे. "पोरीच्या वाटेत मीच आडवी येतेय का?" असं तुम्ही विचारलंत.

तुम्ही आडव्या येत नाही आहात. घरात कुणीतरी विचारायलाच हवा होता तो प्रश्न तुम्ही विचारलात. माझं मत असं: करार घ्यावा, त्यातली काही कलमं बदलून घेऊन. नोकरी मात्र हा करार संपेपर्यंत सोडू नये.

तुमचे खरे आकडे इथे देत नाही. बाबांच्या हातात येणारा वर्षाचा पगार १०० धरते आणि बाकी सगळं त्या मापानं मांडते. करारातली मूळ रक्कम वर्षाला २००. पगाराच्या दुप्पट ऐकल्यावर कुणाचंही मन नोकरीवरून उडेल, त्यात बाबांचं काही चुकलं नाही. आता या २०० मधून काय काय जातं ते बघू. या खेळात एजंट साधारण १५ टक्के घेतो, तुमच्या मसुद्यातही तेवढेच आहेत. ३० गेले, १७० राहिले. तुम्ही कळवलेल्या दरानं कर साधारण ४०. राहिले १३०. प्रशिक्षकाचं मानधन, फिजिओ, मालिश, सरावाची शिबिरं आणि कंपनी देत नाही तो प्रवास, अशी जी यादी तुम्ही केलीय तिची बेरीज ६० होते. उरले ७०. म्हणजे करार पगाराच्या दुप्पट असला तरी शेवटी हातात राहणारी रक्कम पगारापेक्षा कमी आहे. आज जे घर १०० वर चालतं ते ७० वर चालवायचं, आणि त्याच ७० मधून बाबांची विमानाची तिकिटं आणि हॉटेलही काढायचं.

हे झालं सगळं सुरळीत चाललं तर. मसुद्यातलं कपातीचं कलम पुन्हा एकदा वाचा. वर्षअखेर ती तिच्या प्रकारात जगातल्या पहिल्या वीसमध्ये नसेल तर मूळ रक्कम २५ टक्क्यांनी कमी होते. सलग १२० दिवस ती स्पर्धेत उतरली नाही तर ५० टक्क्यांनी. पहिल्या कपातीनंतर २०० चे १५० होतात. एजंटचे साडेबावीस, कर साधारण ३० आणि तोच ६० चा खर्च गेला की उरतात साडेसदतीस. दुसऱ्या कपातीत १०० राहतात. १५ एजंटचे, १५ कराचे, ६० खर्चाचे, म्हणजे उरले १०. शिवाय दुखापतीच्या वर्षी फिजिओ आणि डॉक्टरांचा खर्च वाढतो, म्हणून तो १० चा आकडासुद्धा मला भाबडा वाटतो.

वेगानं धावणाऱ्या मुलीचा मांडीमागचा स्नायू ताणला जाणं ही काही विरळा घटना नाही. तो बरा व्हायला कधी काही आठवडे पुरतात, कधी अख्खा मोसम हातचा जातो. १२० दिवस म्हणजे चार महिने. मे ते सप्टेंबर हाच मुख्य मोसम असलेल्या खेळात एक दुखापत चार महिने सहज खाते.

कपातीची ही कलमं या खेळात सर्रास असतात, पण ती दगडावरची रेघ नाहीत. ८०० मीटर धावणाऱ्या बोरिस बेरियन या अमेरिकन धावपटूचं प्रकरण तुमच्या एजंटला ठाऊक असणारच. नायकीबरोबरचा त्याचा करार २०१५ च्या अखेरीस संपला. न्यू बॅलन्स या दुसऱ्या बूट कंपनीनं त्याला तीन वर्षांसाठी वर्षाला १,२५,००० डॉलर देऊ केले, तेही कुठल्याच कपातीशिवाय. आधीच्या करारानुसार बाहेरून आलेल्या प्रस्तावाची बरोबरी करून खेळाडूला आपल्याकडेच ठेवण्याचा हक्क नायकीकडे १८० दिवस होता. कंपनीनं तो बजावला, कपातीच्या कलमांवरून वाद झाला आणि प्रकरण कोर्टात गेलं. २०१६ च्या जूनमध्ये, अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड चाचणीच्या तोंडावर, नायकीनं दावा मागे घेतला. यातून तुमच्या कामाच्या दोन गोष्टी कळतात. कपात नसलेला करार मिळू शकतो. आणि बरोबरीच्या हक्काचं कलम असेल तर करार संपल्यावरही खेळाडू काही महिने लटकून राहू शकतो. तुमच्या मसुद्यात ते कलम आहे. तो काळ तीस दिवसांवर आणायला सांगा.

पण बक्षिसाची रक्कम तर वेगळी येईल, असं बाबा म्हणतात. येईल तेव्हा आनंदच आहे, मी मात्र हिशेबात शून्य धरते. २०२५ च्या टोकियो जागतिक स्पर्धेत सुवर्णपदकाला ७०,००० डॉलर होते, अंतिम फेरीत आठव्या आलेल्या धावपटूला ५,०००. उपांत्य फेरीत बाहेर पडणाऱ्याला काहीच नाही, आणि २०० मीटरची जागतिक उपांत्य फेरी गाठणं हीच १८-१९ वर्षांच्या मुलीसाठी केवढी मोठी मजल आहे! वर्ल्ड ॲथलेटिक्स या खेळाच्या जागतिक संघटनेनं ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा बक्षीस दिलं ते २०२४ मध्ये पॅरिसला, तेही फक्त सुवर्णविजेत्यांना, ५०,००० डॉलर. रौप्य आणि कांस्यपदकाचा समावेश २०२८ ला होणार आहे. जिंकलेली रक्कमही उत्तेजक चाचणीचा निकाल स्वच्छ आल्यावरच मिळते, शर्यतीच्या संध्याकाळी नाही. आणि जाहीर झालेले पैसे दरवेळी हातात पडतातच असंही नाही. माजी धावपटू मायकल जॉन्सन यांनी २०२५ मध्ये सुरू केलेल्या ग्रँड स्लॅम ट्रॅक या स्पर्धामालिकेत गटविजेत्याला १,००,००० डॉलर जाहीर झाले होते. किंग्स्टन, मायामी आणि फिलाडेल्फियाच्या स्पर्धा झाल्या, चौथी लॉस एंजेलिसची रद्द झाली आणि खेळाडूंचे पैसे महिनोन्‌महिने थकले. जगातले सर्वोत्तम धावपटू तिथे वाट बघत बसले होते.

आता तिच्या वयाबद्दल. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावरच.

ज्युनियर गटातलं यश आणि वरिष्ठ गटातली कमाई यांच्यामध्ये काही वर्षांचं अंतर असतं. ते किती लांबेल हे कुणीच सांगू शकत नाही, तिचा प्रशिक्षकही नाही. उसेन बोल्ट २००२ मध्ये किंग्स्टनला १५ व्या वर्षी २०० मीटरचा ज्युनियर जगज्जेता झाला. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दुखऱ्या पायानं धावून तो पहिल्याच फेरीत बाद झाला. २००५ ला हेलसिंकीच्या अंतिम फेरीत पोचला आणि तिथे दुखापतीमुळे शेवटचा आला. वरिष्ठ जागतिक स्पर्धेतलं पहिलं पदक मिळालं २००७ मध्ये, ओसाकाला. हे बोल्टचं झालं. मुलींचं बघायचं तर जमैकाची टीना क्लेटन २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ दोन वर्षं १०० मीटरची ज्युनियर विजेती होती. वरिष्ठ जागतिक स्पर्धेत वैयक्तिक रौप्यपदकासाठी तिला २०२५ उजाडावं लागलं.

आणि अमेरिकेची कँडेस हिल. जून २०१५ मध्ये, १६ व्या वर्षी, ती १०० मीटर १०.९८ सेकंदांत धावली. त्याच वर्षअखेर ॲसिक्स या बूट कंपनीनं तिच्याशी दहा वर्षांचा करार केला आणि तिच्या कॉलेजच्या शिक्षणाचा खर्चही त्यात घेतला. पुढच्याच वर्षी तिनं ज्युनियर जागतिक स्पर्धेत १०० मीटरची शर्यत जिंकली. त्यानंतर दुखापती आल्या आणि ती १०.९८ ची वेळ तिला पुन्हा मागे टाकता आली नाही. हे उदाहरण तुम्हाला घाबरवायला देत नाही. सोळाव्या वर्षी वेगाच्या शिखरावर असतानाच तिच्या बाजूनं कुणीतरी शिक्षणाचं कलम लिहून घेतलं, हे मला फार मोलाचं वाटतं. तुमच्या मसुद्यात शिक्षणाबद्दल अक्षरही नाही. ते मागा. सगळा खर्च दिला नाही तरी ठराविक रक्कम मागा, आणि ती धावणं थांबल्यावरही पाच वर्षं वापरता येईल असं लिहून घ्या.

तुमची मुलगी यातल्या कुणाच्या वाटेनं जाईल ते मला माहीत नाही. म्हणूनच तिला वेळ लागला तरी घर डगमगू नये अशी सोय हवी. बाबांनी नोकरी सोडली तर ती सोय मोडते. स्टार्टिंग ब्लॉकमध्ये वाकलेल्या अठरा वर्षांच्या मुलीच्या मनात कर्जाचा हप्ता आणि भावाची फी असू नये. मुलं बोलत नाहीत, पण घरातला पगार बंद झालाय आणि आता आपल्यावर सगळं आहे हे त्यांना बरोबर कळतं. मग पोटरी दुखत असताना ती लपवून शर्यतीला उतरतील, प्रशिक्षक थांब म्हणाला तरी थांबणार नाहीत. आज अंगावर काढलेल्या दुखण्यातून उद्याची मोठी दुखापत होते. बाबांचा पगार चालू असेल तर ती निर्धास्तपणे म्हणू शकेल, "या आठवड्यात नाही धावत."

दुसरं, थोडं अवघड बोलते. हे पैसे तिचे आहेत. बाबा मॅनेजर झाले तर त्यांचं मानधन तिच्याच कमाईतून जाणार. आज ते घेणार नाही म्हणतात, पण मग घर कशावर चालणार? उद्या तिला दुसरा मॅनेजर हवासा वाटला तर ती आपल्याच वडिलांना कसं सांगेल? आज तुमचे संबंध चांगले आहेत, ते तसेच राहावेत म्हणून हे लिहितेय.

तिच्याबरोबर कुणी हवं हे मात्र शंभर टक्के मान्य. म्हणून बाबांनी बिनपगारी रजा किंवा कामाचे तास कमी करून मिळतात का ते विचारावं. मुख्य मोसमातल्या दोन-तीन मोठ्या स्पर्धांना ते जातील, बाकी वेळी प्रशिक्षक आणि संघ असतोच. घरून करण्यासारखं कामही भरपूर आहे. उत्तेजक चाचणीसाठी ती कुठे असेल ते आधी कळवावं लागतं. बारा महिन्यांत तीनदा चाचणी चुकली किंवा माहिती चुकीची निघाली तर बंदी येते. क्रिस्टियन कोलमन हा १०० मीटरचा जगज्जेता असूनही याच कारणानं टोकियो ऑलिंपिकला मुकला. बंदी आली की कंपनी करार रद्द करू शकते, तुमच्या मसुद्यातही ते आहे. ही माहिती वेळच्या वेळी भरली जातेय का ते बघणं आणि सर्दीचं औषधसुद्धा संघाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय तिला घेऊ न देणं, ही दोन कामं बाबांनी संध्याकाळी घरी बसून केली तरी तिच्या उत्पन्नाचं केवढं तरी रक्षण होईल.

कलमांपैकी बरोबरीचा हक्क आणि शिक्षण वर आलंच. तिसरं कपातीचं: एका वर्षात सगळ्या कपाती मिळून २५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नयेत, आणि डॉक्टरांचा दाखला असलेली दुखापत १२० दिवसांत मोजू नये. चौथं मातृत्वाचं. आज हे बोलायला तिला आणि तुम्हाला संकोच वाटेल, तरी बोला. २०१९ मध्ये अमेरिकन धावपटू ॲलिसन फेलिक्स हिनं हा प्रश्न जाहीरपणे मांडला तेव्हा ती कितीतरी ऑलिंपिक पदकांची मानकरी होती. आधीपेक्षा ७० टक्के कमी रक्कम आणि बाळंतपणाच्या काळात संरक्षणाची हमी नाही, असा नायकीचा प्रस्ताव तिच्यापुढे होता. त्याच वर्षी नायकीनं धोरण बदललं आणि गरोदरपणाच्या आसपास १८ महिने कपात न करण्याचं मान्य केलं. आता हे मागणं म्हणजे काही आगाऊपणा राहिलेला नाही.

सहीच्या वेळी मिळणाऱ्या एकरकमी पैशातून घराचं कर्ज फेडावं का, असंही तुम्ही विचारलंय. नको. पगार चालू आहे तोवर हप्ता त्यातून जातोय, जाऊ द्या. ती रक्कम तिच्या एकटीच्या नावावर ठेवा. कराचा वाटा पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात काढा, मग तिच्या खेळाचा दोन वर्षांचा खर्च सहज मोडता येईल अशा सुरक्षित ठेवीत ठेवा. तेवढं झाल्यावर उरेल ते दीर्घ मुदतीसाठी गुंतवा. दर तीन महिन्यांनी खात्यांचे उतारे तिनं स्वतः, थेट बँकेकडून घेऊन वाचायचे. २०२३ मध्ये उसेन बोल्टच्या एका गुंतवणूक खात्यातून सुमारे १ कोटी २७ लाख डॉलर नाहीसे झाल्याचं उघड झालं. तुमच्या मुलीला आत्तापासून अर्धा तास उताऱ्यांसमोर बसायची सवय लागली तर बरं. कंटाळा करेल, पण बसवा.

कंपनीनं उत्तरासाठी दिलेल्या मुदतीत अजून तीन आठवडे आहेत. या आठवड्यात खेळाडूंचे करार बघणाऱ्या वकिलाला मसुदा दाखवा. वकील एजंटच्या ओळखीचा नको, तुम्ही शोधलेला हवा. फी तासावर ठरवा, टक्केवारीवर नको. बाबांनी तोवर रजेचे नियम विचारून ठेवावेत. कपातीच्या कलमावर कंपनी अजिबात हलली नाही तर सही करण्याआधी मला पुन्हा लिहा, मूळ रक्कम थोडी कमी घेऊन कपात काढून टाकता येईल का ते आपण आकडे मांडून बघू.