विचारा की! पहिला युरो, लुटनचा चिखल आणि चार नंबरचा बॉल

मागच्या अंकात म्हणालो होतो की या वेळी बायकांच्या फुटबॉलवर काय विचारायचं ते विचारा. बऱ्यापैकी प्रश्न आले, त्यातले क्रिकेटचे बाजूला काढले (लोक विषय वाचतच नाहीत ओ), उरलेल्यातले हे घेतलेत.

प्रश्न : २०२५ च्या जुलैत बायकांच्या युरोची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या कपची, फायनल आम्ही घरातले सगळे जागून बघत होतो, इंग्लंडनं स्पेनला पेनल्टीवर हाणलं. तेव्हा आमचे मामा म्हणाले की बायकांच्या पहिल्या युरोलापण इंग्लंड फायनलमधे होतं आणि पेनल्टीवरच हरलं होतं. मामा कायपण ठोकून देतात म्हणून विचारतो, खरंय का? (एक वाचक, सात रस्ता)

शंभर टक्के खरंय, या वेळी मामांना मानलं पाहिजे. साल १९८४. पण तेव्हाचा सगळा कारभारच वेगळा होता. आत्ता कसं, एका देशात सगळ्या टीम जमतात, तीन-चार आठवडे मॅच चालतात, मोबाईलवर लाइव्ह. तेव्हा यजमान देश वगैरे भानगडच नव्हती. १९८२ ला गटातल्या मॅच सुरू झाल्या, १६ देश, चार-चारचे चार गट, आणि ते पाडलेपण जवळजवळचे देश बघून, म्हणजे स्वीडनच्या गटात नॉर्वे, फिनलंड, आइसलंड आणि इंग्लंडच्या गटात स्कॉटलंड आणि दोन्ही आयर्लंड. गटात पहिला आला की थेट सेमी. तिथं स्वीडननं इटलीला काढलं आणि इंग्लंडनं डेन्मार्कला, एक मॅच आपल्या घरी आणि एक त्यांच्या घरी अशा पद्धतीनं, आणि फायनलपण तशीच दोन लेगची.

पहिला लेग २१ मे १९८४, गोथेनबर्गच्या उलेवी स्टेडियममधे. पिया सुंधागे नावाची २४ वर्षांची फॉरवर्ड होती, तिनं सेकंड हाफमधे गोल मारला, स्वीडन १-०.

दुसरा लेग सहा दिवसांनी, २७ मेला, लुटनमधे केनिलवर्थ रोडवर. वेम्बली नाही बरं का, लुटन. आणि पावसानं ग्राउंडचा पार राडा झालेला. तिथं इंग्लंडच्या लिंडा कर्लनं फर्स्ट हाफमधेच गोल मारून १-० केलं, म्हणजे बेरीज १-१. परक्या मैदानावरचा गोल जास्त धरायचा तो नियमपण इथं कामाचा नाही, कारण दोघींनी आपापल्या घरीच मारलेला. मग चिखलात पेनल्टी! नीट विचार करा, बॉल ठेवायचा तो चिखलात, उभा पाय टाकायचा तो चिखलात, आणि वर सगळ्या देशाचं ओझं. स्वीडनची गोलकीपर एलिझाबेथ लाइडिंगे हिनं दोन अडवल्या आणि त्यातली एक कोणाची, तर लिंडा कर्लचीच, जिनं मगाशी गोल मारून इंग्लंडला मॅचमधे आणलं होतं. शेवटची किक घ्यायला परत पिया सुंधागे आली, मारली, ४-३, संपला विषय.

ही सुंधागे पुढं कोच म्हणून जास्त गाजली. अमेरिकेला २००८ आणि २०१२ ची ऑलिंपिक गोल्ड मिळवून दिली, मग स्वीडनची कोच होऊन २०१६ च्या ऑलिंपिकमधे त्याच अमेरिकेला पेनल्टीवर बाहेर काढलं आणि सिल्व्हर घेतलं. तुम्ही जो २०२५ चा युरो बघितला तो स्वित्झर्लंडमधे होता की, तिथं यजमान टीमच्या बाकावर हीच बाई बसलेली. गंमत म्हणजे स्वीडनच्या बायकांनी १९८४ नंतर एकही मोठी स्पर्धा जिंकलेली नाही, फायनलला गेल्या, सेमीला गेल्या, पण कप नाही. आणि इंग्लंडला पहिला युरो मिळायला २०२२ उजाडलं, वेम्बलीवर जर्मनीला २-१, प्रेक्षक ८७,१९२. लुटनला होते अडीच हजारांच्या आसपास.

प्रश्न : काही ठिकाणी १९८४ ला पहिला युरो म्हणतात आणि काही ठिकाणी १९९१ पासून धरतात. नक्की काय धरायचं? क्विझला आला होता हा प्रश्न. (कॉलेजची एक विद्यार्थिनी, विजापूर रोड)

क्विझला १९८४ लिहा. युएफा, म्हणजे युरोपची फुटबॉल संघटना, स्वतःच आता तिथपासून मोजते. घोळ असाय की अधिकृत चॅम्पियनशिप म्हणायला युएफाच्या निम्म्या तरी मेंबर देशांनी टीम पाठवायला पाहिजे होती आणि पहिल्या वेळी आल्या १६, म्हणजे निम्म्याहून कमीच. म्हणून नुसती ‘स्पर्धा’ म्हणून खेळवली आणि चॅम्पियनशिपचा शिक्का बसला तो १९९१ च्या वेळी.

पण मला विचाराल तर हा नियम म्हणजे आधी पाय बांधायचे आणि मग पळत का नाही म्हणून विचारायचं. टीम कमी का होत्या? इंग्लंडचंच बघा. पहिल्या महायुद्धात प्रेस्टनच्या डिक-कर कारखान्यातल्या कामगार बायकांनी टीम काढली, ती इतकी चालली की १९२० च्या डिसेंबरात, ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांची मॅच बघायला ५३,००० लोक आले. वर्ष पुरं व्हायच्या आतच, डिसेंबर १९२१ ला, तिथल्या फुटबॉल असोसिएशननं फतवा काढला की हा खेळ बायकांना शोभत नाही, आणि आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद करून टाकली. ती बंदी १९७० च्या आसपास उठली. म्हणजे पन्नास वर्षं! मिलमधे, विडी कारखान्यात राबलेल्या बायका ज्या सोलापूरनं बघितल्यात त्या गावाला वेगळं सांगायला नको की कामाला चालतात आणि खेळायला चालत नाहीत हे नेमकं कोण ठरवतं. बाकी १९७१ ला युएफानं सगळ्या देशांना सांगितलं की बायकांचा फुटबॉल आता आपापल्या असोसिएशनमधे घ्या, तेव्हा मतदानात विरोध केला तो एकट्या स्कॉटलंडनं. तिथून १३ वर्षांत १६ टीमची स्पर्धा उभी राहिली, हे मला तरी कमी वाटत नाही.

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे, शाळेत फुटबॉलला जाते. तिथले सर सगळ्या मुलींना चार नंबरचा बॉल देतात. ती घरी येऊन रडते, म्हणते मोठ्या पोरांना पाच नंबर आणि आम्हाला छोटा का. मी पाच नंबरचा आणून देऊ का? (एक पालक, जुळे सोलापूर)

नका आणू, निदान आत्ता तरी. चार नंबरचा घेर साधारण ६३.५ ते ६६ सेंटीमीटर आणि वजन ३५० ते ३९० ग्रॅम, पाच नंबरचा घेर ६८ ते ७० आणि वजन ४१० ते ४५०. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण ११ वर्षांच्या पायाला पन्नास-साठ ग्रॅम लै होतात, त्यात जुना बॉल पाणी पिऊन अजून जड झालेला असतो. जड बॉलला लांब मारायच्या नादात पोरं पायाच्या बोटांनी ढोसायला शिकतात आणि ती सवय मग सुटत नाही. बारा वर्षांपर्यंत मुलगा असो की मुलगी, चारच नंबर ठीक. फक्त सरांना एवढं विचारा की त्याच वयाच्या पोरांना कुठला देता. त्यांनाही चारच असेल तर पोरीला तसं समजावून सांगा, आणि त्यांना पाच आणि हिला चार असं असेल तर मात्र पोरगी बरोबर बोलतेय.

आणि तिला हेपण सांगा की आत्ता वरती ज्या फायनलबद्दल लिहिलं, ती स्वीडन-इंग्लंडची, ती याच चार नंबरच्या बॉलनं खेळली गेली. राष्ट्रीय टीम, चोवीस-पंचवीस वर्षांच्या बायका, त्यातल्या कित्येक दिवसभर नोकरी करून संध्याकाळी प्रॅक्टिस करणाऱ्या, आणि हातात शाळेतल्या पोरांचा बॉल. वर मॅच ९० मिनिटांची नाही, ३५-३५ ची, म्हणजे ७० मिनिटं. बायकांना झेपणार नाही असं ठरवलेलं, झेपतंय का हे त्यांना कोणी विचारलं होतं असं दिसत नाही. १९९१ च्या पहिल्या वर्ल्ड कपलापण ८० च मिनिटं होती, ९० झाली ती १९९५ ला. त्यामुळं वयामुळं छोटा बॉल मिळाला तर रडू नकोस, बाई म्हणून मिळाला तर जरूर भांड, असं सांगा.

प्रश्न : तेव्हा जिंकल्यावर पैसे किती मिळायचे? (बाळे)

पैसे कसले! १९८९ चा युरो पश्चिम जर्मनीनं घरच्या मैदानावर जिंकला, ओस्नाब्रुकला, फायनलमधे नॉर्वेला ४-१. तिथल्या फुटबॉल संघटनेनं प्रत्येकीला बक्षीस काय दिलं, तर फुलाफुलांचा कप-बशांचा सेट. खोटं वाटेल पण खरंय, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लुटतात तसा प्रकार झाला. जर्मनीत आजपण बायकांच्या टीमचा विषय निघाला की त्या कपबशा निघतात.

प्रश्न : भारत कुठं होता या सगळ्यात? आपल्या बायका तेव्हा खेळत होत्या का? (निवृत्त शिक्षक, रेल्वे लाइन्स)

गुरुजी, हा प्रश्न आला याचा आनंद झाला. नुसत्या खेळत नव्हत्या, आशियात दोन नंबरला होत्या!

युरोपच्या नऊ वर्षं आधी, १९७५ ला, हाँगकाँगला बायकांची पहिली आशियाई स्पर्धा झाली. ती पुरुषांच्या आशियाई संघटनेनं भरवली नव्हती, बायकांच्या फुटबॉलची स्वतंत्र आशियाई संघटना होती तिनं भरवलेली. त्याच वर्षी आपल्याकडंपण महिला फुटबॉलची वेगळी फेडरेशन निघाली. मग १९८० च्या जानेवारीत ही आशियाई स्पर्धा भारतात आली, केरळात कालिकतला, म्हणजे आत्ताचं कोझिकोड. यजमान आपण, म्हणून भारतानं चक्क दोन टीम उतरवल्या, एक नॉर्थ आणि एक साऊथ, आणि त्यातली साऊथ फायनलला गेली. तिथं तैवानकडून ०-२ हरली. १९८१ ला हाँगकाँगमधे आपण तिसरे, १९८३ ला बँकॉकला परत फायनल, थायलंडकडून ०-३. चार वर्षांत दोन फायनल आणि एक तिसरा नंबर. त्याच काळात खेळणारी बंगालची शांती मल्लिक, तिला १९८३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला, फुटबॉलमधे तो मिळवणारी ती पहिली बाई.

आता तुम्हीच सांगा, यातलं शाळेत कोणी शिकवलंय का? क्रिकेटचा १९८३ तर पोरासोरांना पाठ आहे, बँकॉकचा १९८३ कोणाला विचारून बघा. मला याचा राग येतो, आणि राग त्या हरल्याचा नाही, नंतर त्या टीमकडं कोणी बघितलंच नाही याचा आहे. बाकीचे देश पुढं गेले, आपण मागं पडलो. बऱ्याच वर्षांनी, २०२५ च्या जुलैत, चियांग माईला त्याच थायलंडला त्यांच्या घरात २-१ हरवून आपण २०२६ च्या आशिया कपची पात्रता मिळवली, दोन्ही गोल संगीता बासफोरचे.

प्रश्न : त्या पहिल्या आशियाई स्पर्धेत न्यूझीलंड जिंकलं असं वाचलं, छापताना चुकलं का? न्यूझीलंड आशियात कधी आलं? (अक्कलकोट रोड)

चुकलं नाही. १९७५ ला सहा टीम होत्या, त्यात न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया बोलावल्यामुळं आलेल्या, आणि न्यूझीलंडनं फायनलमधे थायलंडला ३-१ हरवून कप नेला. ती त्यांच्या बायकांची पहिलीच आंतरराष्ट्रीय स्पर्धा. याच्या उलट तैवान. चीनच्या राजकारणामुळं ते पुरुषांच्या आशियाई संघटनेतून बाहेर फेकलेले, पण बायकांची संघटना वेगळी असल्यामुळं तिथं खेळू शकले आणि १९७७ पासून लागोपाठ तीनदा आशिया जिंकले. पुढं १९८६ ला बायकांची संघटना पुरुषांच्यात विलीन झाली आणि मग हेच तैवान कुठं गेलं तर ओशनियात, आणि १९८६ आणि १९८९ ला तिथलं विजेतं झालं. म्हंजे न्यूझीलंड आशियाचं चॅम्पियन आणि तैवान ओशनियाचं. भूगोलाच्या सरांना दाखवू नका.

प्रश्न : आशिया कपची फायनल पुण्यात झाली होती का हो २०२२ ला? आमच्यात पैज लागलीय, हुतात्मा एक्सप्रेसच्या तिकिटाची. (मित्रमंडळ, नवी पेठ)

पुणे म्हणणारा हरला. फायनल नवी मुंबईत झाली, डी. वाय. पाटील स्टेडियमला, ६ फेब्रुवारी २०२२. पण त्याला अगदी वाईट वाटायला नको, कारण बालेवाडीला सेमी झालेली आणि ती फायनलइतकीच भारी होती, चीन-जपान २-२ आणि मग पेनल्टीवर चीन ४-३. भारत यजमान असून इराणबरोबर ०-० झाल्यावर टीममधे कोविड घुसला, पुढच्या मॅचला उतरवायला पुरेशा खेळाडूच राहिल्या नाहीत आणि स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं, त्याची चुटपुट अजून जात नाही. फायनलला चीन हाफटाइमला दक्षिण कोरियाकडून ०-२ नं मागं होतं, नंतर दोन्ही गोल फेडले आणि इंजुरी टाइममधे तिसरा मारून ३-२, त्यांचा नववा आशिया कप. तिकिटाचे पैसे ज्यानं नवी मुंबई म्हटलं त्याला द्या.