लॅपटॉपचा भाव आणि पॉलिसीची तारीख

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची दीडशे कलमे आहेत आणि घराला लागून लहानसे किराणा दुकान आहे. माझे वय ४४ आहे. चांगल्या हंगामात सगळा खर्च वजा जाता तीन-साडेतीन लाख उरतात; मागच्या वर्षी अवकाळी पावसाने दीड लाखही उरले नाहीत. मुलगी यंदा रत्नागिरीला संगणकशास्त्राच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला गेली असून तिला लॅपटॉप हवा आहे. दुकानदार ४२ हजारांचा लॅपटॉप बिनव्याजी नऊ हप्त्यांत देतो म्हणतो. मुंबईचा चुलतभाऊ मात्र थांबायला सांगतो. एका बड्या परदेशी कंपनीचा लॅपटॉप दिवाळीच्या सुमारास तीस हजारांच्या आत येणार आणि मग बाकीच्यांचेही भाव उतरणार, असे त्याचे म्हणणे आहे. यूट्यूबवरही तसेच व्हिडिओ दिसतात. सध्या हातात रोकड फारशी नाही, कारण बँकेतल्या साहेबांनी सुचवलेल्या योजनेत जूनअखेरीस हंगामाच्या पैशातून एक लाख भरले. सात वर्षे दरवर्षी एक लाख भरायचे, पंधरा वर्षे पूर्ण झाली की साडेबारा लाख हमखास मिळतात. शिवाय कर वाचतो आणि विमाही आहे. तिचे कागद ५ जुलैला ई-मेलवर आले, पाकीट नंतर पोस्टाने आले. लॅपटॉपसाठी थांबावे की आताच घ्यावा?

उत्तर : लॅपटॉपविषयी तुम्ही विचारले आहे आणि त्याचे उत्तर मी देणारच आहे; पण त्याआधी ४ ऑगस्ट या तारखेवर खूण करून ठेवा. तुम्ही जिला योजना म्हणता ती आयुर्विम्याची पॉलिसी आहे. पॉलिसीचे कागद हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करून पैसे मागण्याचा हक्क विमा नियामकाने प्रत्येक ग्राहकाला दिलेला आहे. पाकीट उशिरा आले असले तरी कंपनी ई-मेलची तारीख धरू शकते, म्हणून दिवस ५ जुलैपासूनच मोजावेत. या मुदतीत पॉलिसी परत केली तर मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या संरक्षणाची किंमत एवढेच कापून बाकी रक्कम परत मिळते. मुदत टळल्यावर हाच एक लाख सोडवायला गेलात, तर त्यातला मोठा हिस्सा सोडून द्यावा लागेल. माझे मत स्पष्ट आहे : ही पॉलिसी परत करा.

सात लाख भरून साडेबारा लाख मिळणे ऐकायला भरघोस वाटते, कारण मधली पंधरा वर्षे त्या वाक्यात दिसत नाहीत. हिशोब मांडला तर हा परतावा वर्षाला पाच टक्क्यांच्या जरा आतच येतो. हेच सात लाख, त्याच सात वर्षांत, पोस्टातल्या किंवा बँकेतल्या पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) खात्यात भरले आणि ७.१ टक्के हा सध्याचा दर तसाच राहिला, तर पंधरा वर्षांच्या शेवटी सुमारे सोळा लाख होतात. पीपीएफचा दर सरकार बदलू शकते, हे खरे. पण तो साडेपाचपर्यंत घसरून कायम तिथेच राहिला तरी तुम्ही या पॉलिसीच्या पुढेच असाल.

कर वाचतो, असे तुम्हाला सांगितले गेले. तुमचे मुख्य उत्पन्न आंब्याचे, म्हणजे शेतीचे आहे आणि शेती उत्पन्नावर आयकर लागतच नाही. दुकानाचा नफा करपात्र मर्यादेच्या खूपच खाली असणार. शिवाय नव्या कररचनेत विम्याच्या हप्त्यावर वजावट मुळातच नाही. जो कर तुम्ही भरत नाही तो वाचवून देण्याच्या नावाखाली हे उत्पादन तुमच्या गळ्यात मारले गेले, आणि तेही तुमचा व्यवसाय काय आहे हे ठाऊक असलेल्या माणसाकडून. याला मी चुकीची विक्रीच म्हणेन.

परताव्यापेक्षाही मला खुपते ते दर जूनला एक लाख भरण्याचे बंधन. बागायतदाराचे उत्पन्न एका ओळीत चालत नाही. एका वर्षी साडेतीन लाख उरतात, दुसऱ्या वर्षी अवकाळी पाऊस मोहोर घेऊन जातो, फुलकिड्यांपायी फवारण्या वाढतात, उशिरा तयार झालेला आंबा पेटीत जाण्याऐवजी कॅनिंगला जातो आणि हाती दीड लाखही राहत नाहीत. तशा वर्षी एक लाख विम्याला दिले तर वर्षभराचे घर पन्नास हजारांत कसे चालणार? मग पुढच्या फवारणीसाठी वाशीच्या दलालाकडून उचल घ्यावी लागते, उचल घेतली की फळ त्यालाच घालावे लागते आणि भावाविषयी बोलायला तोंड राहत नाही. पीककर्ज घेतले असेल तर वेळेवर फेडणाऱ्याला मिळणारी व्याजसवलतही याच ओढाताणीत हुकते. हप्ताच चुकवायचा म्हटले, तर सवलतीच्या ३० दिवसांनंतर पॉलिसी बंद पडते आणि सुरुवातीच्या वर्षांत भरलेले बरेचसे पैसे पाण्यात जातात. पीपीएफमध्ये वाईट वर्षी ५०० रुपये भरले तरी खाते चालू राहते, आणि चांगल्या वर्षी दीड लाखापर्यंत भरता येते. बागायतदाराला गुंतवणूक निवडताना ही लवचीकता टक्क्या-दोन टक्क्यांच्या फरकाहून मोलाची आहे. ज्याला दर महिन्याला पगार मिळतो त्याच्यासाठी बेतलेली वस्तू हंगामावर जगणाऱ्या घराला विकू नये, एवढे तारतम्य विकणाऱ्याने दाखवायला हवे होते.

राहिला विमा. अशा पॉलिसीत संरक्षण बहुधा वार्षिक हप्त्याच्या दहापट असते, म्हणजे तुमच्या बाबतीत दहा लाख. पॉलिसीच्या पहिल्या पानांवर तो आकडा पाहून घ्या. तुमच्या घराचा वर्षाचा खर्च अडीच लाख धरला तर तुमच्या पश्चात ही रक्कम चार वर्षे पुरेल, म्हणजे मुलगी पदवी घेऊन नोकरीला लागेपर्यंत जेमतेम. पन्नास लाखांचा निव्वळ टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू आला तरच पैसे देणारा विमा, या वयाच्या निरोगी, निर्व्यसनी माणसाला वर्षाला साधारण १५ ते २० हजारांत मिळू शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही.

परत करण्याची रीत साधी आहे, पण ती लेखी पाळा. अर्ज विमा कंपनीच्या नावे करा, त्यात पॉलिसी क्रमांक, कागद मिळाल्याची तारीख आणि अटी मान्य नसल्याने पॉलिसी परत करीत असल्याचे एक वाक्य लिहा. रद्द केलेला धनादेश जोडा. तोच मजकूर कंपनीच्या अधिकृत ई-मेलवर पाठवा आणि कंपनीच्या शाखेत शिक्क्यासह पोच घ्या. बँकेतले साहेब "एक वर्ष तरी ठेवा, मग बघू" असे म्हणतील. ते बोलणे ऐकत बसण्यात मुदत निघून जाईल. तोंडी आश्वासनावर परतू नका. कंपनीने टाळाटाळ केली तर नियामकाच्या विमा भरोसा संकेतस्थळावर तक्रार करता येते आणि पुढे विमा लोकपालांकडे विनामूल्य दाद मागता येते.

आता लॅपटॉप. तीस हजारांच्या आतल्या यंत्राची बातमी तुम्हाला एवढी मोहात पाडते, कारण एक लाख अडकल्याने हात रिकामा आहे. रिकाम्या हाताला पुढे येणारा भाव नेहमीच आजच्या भावापेक्षा गोड लागतो. म्हणून ही बातमी किती विश्वासाची आहे ते नीट पाहू.

स्वस्त संगणकाच्या भावाच्या बातम्या नव्या नाहीत. २००७च्या जूनमध्ये तैपेईच्या प्रदर्शनात असुसने ई पीसी हा छोटा लॅपटॉप १९९ डॉलरपासून मिळेल असे जाहीर केले. वर्षअखेरीस तो अमेरिकेत विक्रीला आला तेव्हा चार जीबी साठवणुकीच्या मॉडेलला ३९९ डॉलर पडत होते. आपल्याकडे २०१० साली ३५ डॉलरच्या संगणकाचा नमुना खुद्द केंद्रीय मंत्र्यांनी दाखवला. ऑक्टोबर २०११ मध्ये आकाश या नावाने तो टॅब्लेट आला तेव्हा सरकारलाच तो सुमारे ५० डॉलरना पडत होता, आणि २५६ एमबी रॅमवर तो इतका रखडत चाले की विद्यार्थ्यांच्या उत्साहावर पाणी पडले. ही घोषणा तर कंपन्यांनी आणि मंत्र्यांनी स्वतः केलेली होती. तुमच्या चुलतभावाच्या बातमीला तेवढाही आधार नाही.

कधी कधी बातमीतला भाव खराही ठरतो. जिओबुक पंधरा हजारांच्या आसपास येणार असे २०२२ मध्ये बोलले जात होते आणि तो १५,७९९ रुपयांना आलाही. पण त्या पैशांत दोन जीबी रॅम, ३२ जीबी साठवणूक आणि कंपनीची स्वतःची कार्यप्रणाली मिळत होती. वर्ग ऑनलाइन ऐकायला आणि टिपणे काढायला ते चालले असते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनीला प्रोग्रॅम लिहून चालवायला, डेटाबेस बसवायला ते यंत्र तोकडे पडले असते. ठरावीक भावाची वस्तू अशीच बनते. २९,९९० हा आकडा आधी ठरतो, कारण तीसच्या रेषेअलीकडे गिऱ्हाईक जास्त असते हे कंपनीला ठाऊक असते, आणि मग त्या आकड्यात बसेपर्यंत रॅम, साठवणूक, पडदा आणि बॅटरी कापली जाते. बातमी आकडा सांगते, काय कापले ते सांगत नाही.

परदेशी कंपनीच्या बाबतीत आणखी एक घोळ असतो. बातमीत अमेरिकेतला भाव डॉलरमध्ये येतो आणि लोक त्याला आजच्या दराने गुणून मोकळे होतात. अमेरिकेत सांगितलेल्या भावात विक्रीकर नसतो. आपल्याकडच्या छापील भावात १८ टक्के जीएसटी आणि बाकीचे खर्च असतात. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलच्या एम-१ मॅकबुक एअरची किंमत अमेरिकेत ९९९ डॉलर होती, म्हणजे तेव्हाच्या दराने ७४ हजारांच्या आसपास. भारतात ती ९२,९०० रुपये जाहीर झाली. हेच प्रमाण धरले तर बातमीतले तीस हजार इथे सदतीस-अडतीस हजार होतात, म्हणजे तुमच्या दुकानदाराच्या भावाच्या शेजारीच येऊन बसतात.

बाकीच्यांचेही भाव उतरतील, या आशेला मला आधार दिसत नाही. २०२५च्या उत्तरार्धापासून मेमरी चिपचे भाव जोरात चढले आहेत, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या डेटा सेंटरांकडे तो माल ओढला जात आहे. स्वस्त लॅपटॉपच्या किमतीत मेमरीचा वाटा मोठा असल्याने झळ त्यालाच आधी लागते. आणि दिवाळीपर्यंत थांबायचे म्हणजे मुलीचे पहिले सत्र जवळजवळ संपते. मोबाइलवर प्रोग्रॅमिंग शिकत तिने ते काढावे, हे मला पटत नाही. तेव्हा थांबू नका.

पण दुकानदाराची बिनव्याजी योजनाही घेऊ नका. रोख दिले तर तोच लॅपटॉप तो ३९,५०० पर्यंत देईल, असे गृहीत धरा. घासाघीस करून विचारा. हप्त्यांत ४२ हजार आणि वर, समजा, ७०० रुपये प्रक्रिया शुल्क जाते. म्हणजे ३,२०० रुपये जास्तीचे, आणि नऊ महिन्यांत फिटत जाणाऱ्या रकमेवर ते वर्षाला एकोणीस-वीस टक्के व्याज होते. पाच टक्के देणाऱ्या पॉलिसीत एक लाख ठेवून वीस टक्क्यांनी लॅपटॉप घेणे, असा तुमचा आजचा बेत आहे.

घेण्यापूर्वी मुलीला विभागातून विचारून यायला सांगा की कोणती सॉफ्टवेअर लागणार आहेत. आठ जीबी रॅम चालेल, पण ती पुढे वाढवता येईल अशी जागा आत असावी. साठवणूक ५१२ जीबी एसएसडी असावी. घरी येऊन दुरुस्ती करून देण्याची हमी असेल तर हजारभर रुपये जास्त द्या, कारण देवगडला यंत्र बिघडले तर कोल्हापूरच्या फेऱ्या त्याहून महाग पडतात. कोणी बारा-चौदा हजारांत जुना लॅपटॉप देत असेल तर प्रोसेसरची पिढी तपासा : विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या मागची जवळजवळ सगळी यंत्रे विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. तसली यंत्रे सध्या बाजारात स्वस्तात फिरत आहेत.

परत येणाऱ्या एका लाखातून चाळीस हजार लॅपटॉपला जातील आणि वीस हजार टर्म विम्याला. उरलेले चाळीस हजार नोव्हेंबरपासूनच्या फवारणीसाठी अल्प मुदतीच्या ठेवीत राहू द्या, म्हणजे दलालाकडे उचल मागावी लागणार नाही. पीपीएफ खाते आता ५०० रुपयांनी उघडून ठेवा. मोठी रक्कम पुढच्या मे-जूनमध्ये, पेट्यांचा हिशोब लागल्यावरच त्यात घाला. टर्म विम्यासाठी कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागेल आणि शेतकऱ्याचे घोडे इथेच अडते. त्यासाठी दलालाकडून आलेल्या मागच्या तीन हंगामांच्या पट्ट्या (विक्रीचे हिशोब), सातबारा आणि बँकेचे खातेउतारे आतापासून एका फायलीत लावा. आयकर विवरणपत्र आजवर भरले नसेल तर कर शून्य असला तरी यंदा ते भरा. पुराव्याअभावी पन्नास लाख मंजूर झाले नाहीत, तर मिळेल तेवढे संरक्षण घ्या, आणि तोपर्यंत तुमच्या बचत खात्यातून वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचे संरक्षण देणारी प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना याच आठवड्यात सुरू करा.