बॉयलरवर काम करणाऱ्याला स्वतःच्या नावाचं सर्टिफिकेट लागतं का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की जळगावजवळच्या सरकी तेल मिलमध्ये तीन वर्षं बॉयलरवर हेल्पर आहात. भिंतीवर दुसऱ्याच कुणाचं सर्टिफिकेट लावलंय, तो माणूस महिन्यातून एकदा येतो आणि मालक म्हणतात तेवढं चालतं. मग परीक्षा द्यावी का?

द्या. आणि तेवढं चालत नाही. बॉयलर चालू असताना तो सर्टिफिकेट असलेल्या माणसाच्या ताब्यात हवा. १९२३ च्या कायद्यात हेच होतं, त्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या कायद्यातही तेच आहे. लहान बॉयलरला सेकंड क्लास अटेंडंट (बॉयलर चालवणारा), त्याहून मोठ्याला फर्स्ट क्लास; हीटिंग सरफेस (आगीची उष्णता पाण्याला देणारं क्षेत्रफळ) १००० चौरस मीटरच्या वर गेला की बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर लागतो. तुम्ही सेकंड क्लासपासून सुरुवात करा. परीक्षा राज्याच्या बाष्पके संचालनालयामार्फत होते, तोंडीही असते.

तोंडीत घोकून जमत नाही. बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसेनासं झालं तर आधी काय करशील, असं विचारलं की बरीच पोरं म्हणतात, पंप सुरू करून पाणी सोडीन. तापून लाल झालेल्या ट्यूबवर गार पाणी गेलं तर काय होईल, विचार करा. आधी आग बंद: जळणाचा भुसा थांबवायचा, हवेचा पंखा बंद करायचा.

हे मी जिवावर बेतल्यावर शिकलो. मीही तेव्हा हेल्पर, मिल दुसरी, सर्टिफिकेटवाला घरी. रात्रपाळीला काच गच्च भरलेली दिसत होती, म्हणून मी निवांत होतो. आमचे म्हातारे फायरमन सहज आत आले, काचेकडे बघितलं आणि ओरडले, "काच देख, भो! पानी हालत नही शे!" चालू बॉयलरच्या काचेतलं पाणी सतत थोडं खालीवर होत असतं. आमचं थिजल्यासारखं उभं होतं. बोअरच्या जड पाण्याच्या क्षारांनी काचेचा खालचा कॉक (बॉयलरमधून काचेत पाणी येण्याची तोटी) तुंबला होता. वरून येणाऱ्या वाफेचं पाणी होऊन काच भरली होती आणि ड्रममधली, म्हणजे बॉयलरच्या टाकीतली, पातळी मात्र खाली गेली होती. त्यांनी आग मारली म्हणून आम्ही वाचलो. दर पाळीला काच ब्लो करून, म्हणजे तोट्या उघडून जोरात पाणी-वाफ सोडून बघायची, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

परीक्षेला बसायची खरी अडचण अनुभवाच्या दाखल्याची. त्यावर मालकाची सही लागते, आणि पुष्कळ ठिकाणी पोरांचं नाव हजेरीपटावरच नसतं. तुमचं आहे का, ते उद्याच बघा. नसेल तर आधी ते लावून घ्या. दाखल्यात बॉयलरचा नोंदणी क्रमांक आणि तुम्ही नेमकं काय काम करता तेही लिहून घ्या. कपाशीचा सीझन लागायच्या आत हे उरका. एकदा सरकीच्या गाड्या लागल्या की सहीसाठी मालक हाती लागत नाहीत.