दुसऱ्यांदा अर्ज भरण्यापूर्वी

अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रवेशफेरीत जागा न मिळालेल्या मुलामुलींच्या घरून या महिन्यात बरीच पत्रे आली. त्यांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी गेल्या वर्षी जीवशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडली. तिचा जीपीए (पदवीच्या गुणांची सरासरी, चारपैकी) ३.७४ आहे आणि एमकॅट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत तिला ५१० गुण आहेत (विभागवार १२९, १२४, १२९, १२८). प्रयोगशाळेत तिने सुमारे १,८०० तास काम केले, रुग्णालयातील स्वयंसेवा मात्र ९० तासांचीच आहे. चोवीस ठिकाणी अर्ज केला, दोन ठिकाणी मुलाखत झाली, एका ठिकाणी वेटलिस्टवर नाव लागले. पण ती यादी पुढे सरकली नाही. तिचे वडील म्हणतात, वर्ष वाया घालवू नये, याच जूनमध्ये पुन्हा अर्ज भरावा. ती म्हणते, आधी एमकॅट पुन्हा देते. तिच्या अर्जाची प्रत आणि तिने लिहिलेले एक टिपण सोबत पाठवत आहे. आम्ही काय करावे?
— एक आई, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : ताई, अर्ज आणि टिपण दोन्ही मी नीट वाचले. आधी लेकीला एवढे सांगा की, दरवर्षी सुमारे ५२ हजार विद्यार्थी या फेरीत उतरतात आणि त्यांपैकी साधारण २३ हजारांनाच एमडीची, म्हणजे तिथल्या डॉक्टरकीच्या पदवीची, जागा मिळते. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले रिकाम्या हाताने परततात, आणि त्यांत अतिशय हुशार मुले असतात. अर्जदारांतला साधारण चौथा हिस्सा पुन्हा अर्ज करणाऱ्यांचाच असतो. तेव्हा दुसऱ्यांदा अर्ज करणे हा कोणताही डाग नाही. तोच अर्ज पुन्हा पाठवणे ही मात्र चूक ठरते, आणि याच जूनमध्ये अर्ज भरला तर नेमके तेच होईल. म्हणून यंदाची फेरी सोडावी आणि पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये अर्ज करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्ज कुठे अडला, हे शोधण्याची एक साधी रीत आहे. मुलाखतीची बोलावणी बरीच आली आणि तरीही जागा मिळाली नाही, तर दोष बहुधा मुलाखतीत असतो. बोलावणीच आली नाहीत, तर दोष कागदावर असतो: गुण, अनुभव, लेखन, महाविद्यालयांची निवड किंवा अर्ज पोहोचण्याची वेळ. तुमच्या मुलीला चोवीसपैकी दोनच बोलावणी आली, आणि त्या दोनपैकी एका ठिकाणी ती वेटलिस्टपर्यंत पोहोचली. समोर बसून बोलताना ती कमी पडत नाही. तिला समोर बसण्याची संधीच बावीस ठिकाणी मिळाली नाही.

आता कागद पाहू. तिने एमकॅट जूनच्या अखेरीस दिली. निकाल हाती यायला एक महिना गेला आणि सेकंडरी निबंध (प्राथमिक अर्जानंतर प्रत्येक महाविद्यालय स्वतंत्रपणे मागते ते) ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत एकेक करून गेले. बहुतेक महाविद्यालये पूर्ण झालेले अर्ज जसजसे येतील तसतसे वाचतात आणि मुलाखतीच्या जागा भरत जातात. त्यामुळे तिचा अर्ज वाचनाला आला, तेव्हा बऱ्याच ठिकाणी पुष्कळ बोलावणी आधीच गेलेली होती. पुढच्या फेरीत प्राथमिक अर्ज, म्हणजे अनेक महाविद्यालयांसाठी एकत्र भरायचा ॲमकास, सादर करण्याची मुभा मिळाल्यापासून पहिल्या काही दिवसांत गेला पाहिजे, कारण त्यानंतर गुणपत्रकांच्या पडताळणीला ऐन गर्दीत कित्येक आठवडे लागतात. सेकंडरीचे बरेच प्रश्न दरवर्षी फारसे बदलत नाहीत. त्यामुळे गेल्या वर्षीचे प्रश्न समोर ठेवून मसुदे मे महिन्यातच तयार करता येतात आणि प्रत्येक निबंध हाती आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत परत पाठवता येतो.

महाविद्यालयांच्या यादीबद्दल मला थोडे कठोर बोलावे लागेल. चोवीसपैकी अकरा नावे देशातील सर्वांत नामांकित संशोधन संस्थांची आहेत आणि सहा नावे दुसऱ्या राज्यांच्या सरकारी महाविद्यालयांची आहेत, जी आपल्या बहुतेक जागा स्वतःच्या राज्यातील रहिवाशांसाठी ठेवतात. स्वतःच्या राज्यातील मात्र तिने रटगर्सकडेच अर्ज केला. कूपर आणि हॅकेन्सॅक मेरिडियन ही दोन्ही नावे यादीत नाहीत. कूपर तर कॅमडेनसारख्या गरीब वस्तीच्या शहरात आहे आणि तेथील लोकांच्या सेवेला ते महत्त्व देते. असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेसच्या एमएसएआर या माहितीकोशात प्रत्येक महाविद्यालयाने राज्याबाहेरच्या किती जणांना मुलाखतीला बोलावले, याचे आकडे असतात. ते आकडे पाहिल्याशिवाय यादीत एकही नाव घालू नये.

एमकॅटबाबत मुलीचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५११ ते ५१२ च्या आसपास असते, म्हणजे तिची बेरीज फार मागे नाही. प्रश्न त्या १२४ चा आहे. प्रत्येक विभाग ११८ ते १३२ या पट्टीवर मोजतात आणि १२५ हा मध्य आहे. उताऱ्यांच्या आकलनाच्या विभागात ती मध्याच्याही खाली आहे आणि हा एक आकडा वाचणाऱ्याच्या नजरेत लगेच भरतो. हा विभाग विज्ञानासारखा पाठ करून सुधारत नाही. रोज दोन उतारे, तेही तत्त्वज्ञान, कला, इतिहास अशा तिला परक्या वाटणाऱ्या विषयांवरचे, आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तरापाशी थांबून ‘लेखकाने असे कुठे म्हटले आहे?’ ही तपासणी, असे पाचसहा महिने सातत्याने करावे लागते. पूर्ण लांबीच्या सराव परीक्षांत सलग तीनचार वेळा ५१४ च्या वर गुण आले, तरच पुढच्या वर्षी जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान परीक्षा द्यावी. तसे झाले नाही, तर ५१० वरच अर्ज करावा. महाविद्यालयांना सगळे निकाल दिसतात, आणि दुसऱ्या खेपेला गुण घसरले तर त्याचे समर्थन करणे अवघड जाते. परीक्षेच्या संधींनाही मर्यादा आहे : एका वर्षात तीन, लागोपाठच्या दोन वर्षांत चार आणि आयुष्यात सात.

तरीही माझ्या मते अर्ज अडण्याचे सर्वांत मोठे कारण परीक्षा नाही. १,८०० तास प्रयोगशाळेत आणि ९० तास रुग्णांजवळ, हे प्रमाण वाचणाऱ्याला एकच गोष्ट सांगते : ही मुलगी चांगली संशोधक होईल. तिला डॉक्टर का व्हायचे आहे, याचे उत्तर त्या कागदावर सापडत नाही. म्हणून येते वर्ष तिने रुग्णांच्या प्रत्यक्ष सेवेत घालवावे. डॉक्टरांसोबत राहून टिपणे घेणाऱ्या स्क्राइबचे काम चांगले आहे, त्यातून डॉक्टर विचार कसा करतात हे कळते. पण तुमच्या मुलीच्या बाबतीत मी नर्सिंग असिस्टंटचे किंवा रुग्णवाहिकेवरील ईएमटीचे प्रशिक्षण घेण्याचा आग्रह धरेन. त्या कामात माणसाला उठवून बसवावे लागते, अंग पुसावे लागते, रात्री तीन वाजता घाबरलेल्या आजोबांचा हात धरावा लागतो. हे काम आवडते की नाही, हे वैद्यकीय शिक्षणाचे कर्ज डोक्यावर घेण्याआधी तिलाही कळायला हवे. वडिलांना हे वर्ष वाया गेल्यासारखे वाटू नये, एवढे तुम्ही पाहा.

आणि आता लेखन. ॲमकासमध्ये पंधरापर्यंत उपक्रम नोंदवता येतात, प्रत्येकाला ७०० अक्षरे मिळतात. त्यांतील तीन सर्वांत महत्त्वाचे म्हणून निवडून त्यांवर आणखी १,३२५ अक्षरे लिहिता येतात. रुग्णालयातील स्वयंसेवेखाली तिने लिहिले आहे : ‘रुग्ण आणि त्यांच्या कुटुंबीयांशी संवाद साधताना सहानुभूतीचे महत्त्व समजले आणि वैद्यकीय क्षेत्राविषयीची ओढ वाढली.’ हे वाक्य हजारो अर्जांत असते. पण तुमच्या पत्राबरोबर पाठवलेल्या टिपणात तिने सहज एक गोष्ट लिहिली आहे. शस्त्रक्रियेसाठी आलेल्या एका गुजराती आजींच्या हातातून पाटल्या निघत नव्हत्या, आणि त्या कापायला आजी तयार नव्हत्या, कारण त्या त्यांच्या सासूच्या होत्या. परिचारिकेने साबणाचे पाणी आणले, तुमची मुलगी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत वीस मिनिटे तो हात धरून बसली, आणि एकेक पाटली सोडवून तिने आजींच्या रुमालात बांधून सुनेच्या हाती दिली. ताई, अर्जात ही गोष्ट हवी होती. तिथे ‘सहानुभूती’ हा शब्द लिहावाही लागला नसता. पर्सनल स्टेटमेंटही (डॉक्टर का व्हायचे, हे सांगणारा मुख्य निबंध) नव्याने लिहावे, कारण पूर्वी अर्ज केलेल्या महाविद्यालयांकडे जुना अर्ज असू शकतो, आणि ‘गेल्या अर्जापासून काय बदलले?’ हा प्रश्न सेकंडरीत किंवा मुलाखतीत येतोच.

शिफारसपत्रे दर फेरीला नव्याने पाठवावी लागतात. प्रयोगशाळेतील प्राध्यापकांचे पत्र राहू द्यावे, पण त्यांना नव्या तारखेने आणि नव्या मजकुराने लिहिण्याची विनंती करावी. सोबत, ज्यांनी तिला रुग्णांजवळ काम करताना महिनोन्‌महिने पाहिले आहे अशा व्यक्तीचे एक पत्र जोडावे.

शेवटी एक विनंती. नाकारलेल्या अर्जदारांना काही महाविद्यालये त्रुटी सांगतात. अशा ठिकाणी मुलीने स्वतः नम्रपणे ईमेल करून वेळ मागावी आणि ऐकलेले सगळे वाद न घालता लिहून घ्यावे. आईवडिलांनी प्रवेश कार्यालयाला फोन करू नये. तुमची कळकळ मला समजते, पण पलीकडे ती कळकळ म्हणून ऐकली जात नाही.

प्रश्न : माझा जीपीए ३.३ आहे, एमकॅट ५१५. पहिल्या दोन वर्षांत घरच्या अडचणींमुळे रसायनशास्त्रात दोनदा सी आला, नंतर गुण सुधारले. वीस ठिकाणी अर्ज केला, एकही बोलावणे नाही. मास्टर्स करू की पदवीचे जास्तीचे विषय घेऊ? डीओला (एमडीला समांतर असलेल्या ऑस्टिओपॅथिक वैद्यकाच्या पदवीला) अर्ज करण्याचे सुचवले, तर बाबा म्हणतात, ते खरे डॉक्टर नव्हेत.
— एक वाचक, टेक्सास

उत्तर : तुझा एमकॅट उत्तम आहे, त्याला हात लावू नकोस. जीपीएचे गणित मात्र कागदावर मांडून पाहा. १२० क्रेडिटवर ३.३ असताना आणखी ३० क्रेडिट घेऊन सगळीकडे ए मिळवलास, तरी सरासरी सुमारे ३.४४ होते. म्हणजे एका वर्षाने जुना आकडा पुसला जाणार नाही. पण अवघड विज्ञान विषयांची सलग तीस क्रेडिट ए श्रेणीत पार पाडणारा विद्यार्थी वाचणाऱ्याला दिसतो, आणि तेच तुला दाखवायचे आहे. पदवीनंतर घेतलेले पदवी पातळीचे विषय ॲमकास पदवीच्या एकूण जीपीएत धरते, मास्टर्सचे गुण मात्र वेगळे दाखवते. तुझ्या परिस्थितीत मी आधी पदवी पातळीचे वरचे विषय घ्यायला सांगेन : जीवरसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, पेशीजीवशास्त्र. रसायनशास्त्रातले सी मागे पडले हे जीवरसायनशास्त्रातल्या ‘ए’ श्रेणीइतके दुसरे काही सांगू शकत नाही. वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले विशेष मास्टर्स हा मोठ्या खर्चाचा आणि जोखमीचा मार्ग आहे. तिथे गुण घसरले, तर पुढचे दार जवळजवळ बंदच होते. टेक्सासमधील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांसाठी टीएमडीएसएएस ही स्वतंत्र अर्जव्यवस्था आहे आणि तिथल्या जागा बहुतांशी टेक्सासच्या रहिवाशांना मिळतात. तू तिथे अर्ज केला नसशील, तर ती फार मोठी संधी सोडलीस.

बाबांना हे पत्र अवश्य दाखव. डीओ पदवीधारकांना अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत वैद्यकीय व्यवसायाचा, औषधे लिहून देण्याचा आणि शस्त्रक्रियेचा पूर्ण परवाना मिळतो. २०२० पासून एमडी आणि डीओ दोघांसाठी रेसिडेन्सीची, म्हणजे पदवीनंतरच्या प्रशिक्षणाची, निवड एकाच मॅचमधून (राष्ट्रीय निवडप्रक्रियेतून) होते. काही अतिस्पर्धेच्या शाखांत डीओंना अजून जास्त झगडावे लागते, हे खरे आहे आणि ते लपवू नये. पण कुटुंबवैद्य, अंतर्गत वैद्यक, बालरोग अशा शाखांत ते हजारोंनी काम करत आहेत. तुझ्या गुणांच्या मुलाने डीओची महाविद्यालये यादीत न घेणे मला अजिबात पटणारे नाही.

प्रश्न : मुलगा एच-४ व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) आहे. जीपीए ३.९, एमकॅट ५१७, अनुभवही भरपूर. अठरा ठिकाणी अर्ज केला, एकाही ठिकाणाहून मुलाखतीचे बोलावणे आले नाही. अर्जात काय कमी होते?
— एक वडील, कॅलिफोर्निया

उत्तर : तुमच्या मुलाच्या अर्जात कदाचित काहीच कमी नव्हते. नागरिक नसलेल्या आणि ग्रीन कार्ड नसलेल्या अर्जदारांचा अनेक महाविद्यालये विचारच करत नाहीत. गुण कितीही असोत, तो अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला पडतो. तेव्हा अठरा नावांपैकी किती ठिकाणी परदेशी नागरिकांचा अर्ज स्वीकारला जातो, हे एमएसएआरमध्ये आणि प्रत्येक महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर तपासावे, आणि शंका असेल तिथे मुलाने लेखी विचारून लेखी उत्तर घ्यावे. अशा अर्जदारांना घेणारी महाविद्यालये थोडी आहेत आणि त्यांत खासगी अधिक आहेत. त्यांतील काही एक किंवा अधिक वर्षांचे शुल्क आगाऊ जमा असल्याचा पुरावा मागतात, आणि सरकारी विद्यार्थीकर्ज मिळत नसल्यामुळे पैशाची तजवीज यादी करतानाच व्हायला हवी. एकविसावे वर्ष पूर्ण झाल्यावर एच-४ टिकत नाही. म्हणून एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा केव्हा आणि कसा घ्यायचा, हे प्रवेश सल्लागाराला न विचारता स्थलांतर कायद्याच्या वकिलाला विचारावे, आणि तेही पुढचा अर्ज भरण्याच्या आधी.