नाझारेच्या लाटा आणि मे महिन्याची सुट्टी

प्रश्न : आम्ही पतीपत्नी दोघेही रत्नागिरीत शिक्षक आहोत. गेल्या वर्षी कर्नाटकातील मुल्की येथे चार दिवस राहून आम्ही सर्फिंगचे पहिले धडे घेतले आणि आता दहा दिवसांसाठी पोर्तुगालला जाण्याचा विचार करीत आहोत. नाझारे येथील प्रचंड लाटांची दृश्ये पाहिल्यापासून ह्यांच्या मनात तेच गाव भरले आहे. आम्हाला सुट्टी दिवाळीत किंवा मे महिन्यातच मिळते. कधी जावे, कोठे राहावे आणि तयारी कोणती करावी? ह्यांना पोहणे बेताचेच येते.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : प्रथम नाझारेविषयी स्पष्ट सांगतो, कारण आपला सारा बेत त्याभोवती फिरतो आहे. नाझारे हे नवशिक्याने सर्फिंग करण्याचे ठिकाण नव्हे. तेथील उत्तरेकडच्या किनाऱ्यासमोर समुद्राच्या तळाशी एक प्रचंड दरी आहे. ती दोनशे किलोमीटरहून अधिक लांब असून खोल समुद्रात तिचा तळ सुमारे ५ किलोमीटर खाली जातो, आणि तिचे टोक थेट किनाऱ्याजवळ येऊन थांबते. उत्तर अटलांटिकमधील वादळांनी उठवलेल्या लाटा उथळ तळावर आल्या की त्यांचा वेग मंदावतो. दरीवरून येणाऱ्या लाटेला मात्र तळ लागत नाही, त्यामुळे ती वेगाने पुढे येते, वळते आणि उथळ भागावरून आलेल्या लाटेला किनाऱ्यापाशी गाठते. दोन्हींची उंची एकमेकींत मिळते आणि पाण्याची भिंत उभी राहते. २९ ऑक्टोबर २०२० रोजी सेबास्टियन स्टॉइडनर हा जर्मन सर्फर येथे ज्या लाटेवर स्वार झाला, तिची उंची २६.२१ मीटर नोंदली गेली आहे. अशा लाटेपर्यंत हाताने पाणी कापत पोहोचता येत नाही, म्हणून सर्फरला जेट-स्कीने ओढून नेतात आणि त्याच्या सुटकेसाठी दुसरी माणसे पाण्यात सज्ज असतात. या लाटांचा काळ साधारण ऑक्टोबर ते मार्च हा आहे. कड्यावरील जुन्या किल्ल्यावरून तो समुद्र पाहणे हा विलक्षण अनुभव आहे आणि तो आपण कधीतरी अवश्य घ्यावा, परंतु तो शिकण्याच्या प्रवासाला जोडू नये.

आता महिन्याचा प्रश्न. दिवाळीच्या सुट्टीत पाणी मे महिन्यापेक्षा किंचित उबदार असते, हे खरे. मात्र त्याच सुमारास अटलांटिकमधील वादळे सुरू होतात, दिवस लहान होतो आणि दहांपैकी चार-पाच दिवस समुद्र आपल्यासारख्यांना झेपणार नाही असा असू शकतो. मे महिन्यात लाटा सरासरीने लहान असतात, अंधार रात्री नऊच्या सुमारास पडतो आणि जुलै-ऑगस्टची गर्दी अजून आलेली नसते. उन्हाळ्यात उत्तरेकडून वाहणारा ‘नोर्ताडा’ नावाचा वारा दुपारनंतर लाटा विस्कटून टाकतो, म्हणून शिकवणी सकाळचीच घ्यावी. माझे मत निःसंशय मे महिन्याच्या बाजूने आहे.

राहण्यासाठी मी पेनिशजवळील बालेआल सुचवतो. लिस्बनच्या उत्तरेस सुमारे १०० किलोमीटरवर असलेले पेनिश हे मच्छीमारांचे गाव समुद्रात घुसलेल्या भूशिरावर वसले आहे, आणि बालेआल हे वाळूच्या अरुंद पट्टीने किनाऱ्याशी जोडलेले लहानसे बेट त्याच्या उत्तरेस आहे. या रचनेमुळे तेथील किनारे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून आहेत. एका बाजूला लाट अंगावर येण्याजोगी असली, तरी आडोशाच्या दुसऱ्या बाजूला ती बहुधा सौम्य मिळते. नवशिक्याला याहून मोठी सोय नाही. दक्षिणेकडचा सुपरतुबोस हा किनारा मात्र जागतिक स्पर्धांचा आहे. तेथे वाळूवर बसून पाहावे, पाण्यात उतरू नये. लिस्बनला अधिक जवळ असलेले एरिसेरा २०११ मध्ये युरोपातील पहिले जागतिक सर्फिंग राखीव क्षेत्र ठरले, पण त्याची कीर्ती खडकाळ तळावर फुटणाऱ्या लाटांमुळे आहे. तेथे राहायचेच झाले तर फोझ दो लिझांद्रोच्या वाळूच्या किनाऱ्यावर शिकावे. दोन्ही गावांपर्यंत रेल्वे जात नाही, लिस्बनहून बस मिळते.

थंडीचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. मे महिन्यात रत्नागिरीचे पाणी ३० अंशांच्या आसपास असते, तर तेथले १५-१६ अंश. त्यामुळे छातीपाठीला ४ आणि हातपायांना ३ मिलिमीटर जाडीचा वेटसूट आवश्यक आहे. तो आणि फोमचा मोठा बोर्ड सर्फिंगच्या शाळेत भाड्याने मिळतो. येथून काही वाहून नेऊ नये.

भरती-ओहोटी आपल्याला नवी नाही. तेथेही दिवसातून दोनदा भरती येते, रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि उधाण व भांग यांतील फरक ठळक जाणवतो. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचे कोकणातले गणित मात्र तेथे जसेच्या तसे लागू पडत नाही, म्हणून स्थानिक तक्ता पाहावा. एकच किनारा ओहोटीला शिकण्याजोगा आणि भरतीला धोक्याचा असू शकतो. गणपतीपुळ्याच्या समुद्राची ओढ आपण जाणता. तशी ओढ तेथेही असते. शिवाय मे महिन्यात बहुतेक किनाऱ्यांवर जीवरक्षकांचा हंगाम सुरू झालेला नसतो, त्यामुळे प्रशिक्षकाशिवाय पाण्यात उतरू नये. जेथे निशाण असेल तेथे लाल म्हणजे पाण्यात जाण्यास मनाई आणि पिवळे म्हणजे पोहण्यास मनाई, हे लक्षात ठेवावे.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. मे महिन्यासाठी आपल्याकडे भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच अर्ज करावा. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. त्यात सर्फिंगमधील दुखापत धरलेली आहे की साहसी खेळ म्हणून वगळली आहे, हे विमापत्रात स्वतः वाचून घ्यावे. एजंटच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

शेवटी आपल्या पतींच्या पोहण्याविषयी, जे मला या साऱ्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते. बोर्डाची दोरी पायाला बांधलेली असते, पण ती तुटू शकते, आणि थंड पाण्यात श्वास आखडतो. न थांबता २०० मीटर पोहणे आणि त्यानंतर दहा मिनिटे शांतपणे पाण्यावर तरंगत राहणे, ही मी किमान तयारी मानतो. त्यांनी आजपासूनच तलावावर शिकवणी लावावी. विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी एवढे साधले नाही, तर प्रवास एका वर्षाने पुढे ढकलावा, अशी माझी आपणा दोघांना आग्रहाची विनंती आहे.