डार्सीला नक्की काय 'हवं' होतं?

'प्राइड अँड प्रेज्युडिस' वाचताना अडलेल्या एका वाक्याबद्दल विचारणा आली आहे. या कादंबरीच्या ५२व्या प्रकरणात नायिका एलिझाबेथची मामी तिला पत्रातून नायक डार्सीबद्दल लिहिते : 'ही वाँट्स नथिंग बट अ लिटल मोर लाइव्हलिनेस', आणि तो विचारपूर्वक लग्न करील तर तेवढं त्याची बायको त्याला शिकवील. विचारणाऱ्या बाईंनी अर्थ लावला तो असा : 'त्याला थोड्या जास्त खेळकरपणाशिवाय दुसरं काहीच नको आहे.' मग त्यांना कोडं पडलं. इतका गंभीर, अबोल माणूस खेळकरपणाची इच्छा कधी धरू लागला?

त्याने इच्छा धरलेलीच नाही. मामी म्हणते आहे, 'माणूस सर्व बाजूंनी चांगला आहे, फक्त जरा खेळकरपणा कमी पडतो.' इथे 'वाँट' म्हणजे उणीव असणं. तसा अर्थ घेतला की बायकोने शिकवण्याचा पुढचा भागही जागेवर बसतो. मामीने भाचीला हळूच काढलेला चिमटा आहे तो.

हा जुना अर्थ मूळचाच आहे. प्राचीन नॉर्स भाषेतलं 'वान्ता' म्हणजे कमी असणं. स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांबरोबर तो शब्द इंग्रजीत शिरला. उणीव भासते म्हणून गरज, गरज आहे म्हणून इच्छा, अशी पुढची वाटचाल झाली आणि अठराव्या शतकात इच्छेचा अर्थ रुळू लागला. जेन ऑस्टिनची ही कादंबरी १८१३ची, म्हणजे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत होते त्या काळातली. पहिल्याच पानावर याचा दाखला मिळतो. 'श्रीमंत अविवाहित पुरुष इन वाँट ऑफ अ वाइफ असलाच पाहिजे' या सुरुवातीच्या प्रसिद्ध वाक्यात हाच शब्द नाम म्हणून आला आहे. त्याला बायको हवीशी वाटते की नाही, हे वाक्य सांगतच नाही. त्याच्या घरात बायकोची वानवा आहे, असं शेजारपाजारच्यांनी ठरवून टाकलेलं आहे. 'त्याला बायको हवी असते' एवढंच भाषांतर केलं की ती गंमत हरवते. त्यानंतर थोड्याच ओळींनी मिस्टर बेनेट बायकोला म्हणतात, 'यू वाँट टू टेल मी', म्हणजे 'तुला सांगायचं आहे'. हा सरळ आजचा अर्थ.

मग वाचताना ओळखायचं कसं? पुढे 'टू' आणि क्रियापद आलं तर बहुधा इच्छा. पुढे धीर, पैसा, समज, खेळकरपणा असं काही आलं तर आधी उणिवेचा अर्थ लावून पाहावा. वेळेच्या बाबतीत तर शंकाच नको. 'अ स्कँडल इन बोहेमिया' या १८९१च्या कथेत होम्स आणि वॉटसन ठरलेल्या ठिकाणी पोहोचतात तेव्हा 'इट स्टिल वाँटेड टेन मिनिट्स टू द अवर'. आपण 'सातला दहा कमी' म्हणतो, अगदी तसंच. 'युअर हेअर वाँट्स कटिंग' हे तर ब्रिटनमध्ये आजही ऐकू येतं. आपण म्हणू, 'केस कापायला झालेत'.

डिकन्सकडे या शब्दाला वेगळीच धार येते. 'अ ख्रिसमस कॅरल'मध्ये (१८४३) भुताच्या झग्याखालून दोन हडकुळी मुलं बाहेर येतात. मुलाचं नाव अज्ञान आणि मुलीचं नाव वाँट. ही मुलगी म्हणजे 'इच्छा' असं समजून वाचलं तर सगळा प्रसंगच फसतो. ती ददात आहे, उपासमार आहे. आणि ऑलिव्हर ट्विस्टचं 'प्लीज सर, आय वाँट सम मोर'? व्याकरणाने ती मागणी आहे, पण भुकेल्या पोराच्या तोंडी मला त्यात दोन्ही अर्थ ऐकू येतात. त्याला आणखी हवं आहे, कारण त्याला कमी पडतं आहे.

मला सर्वांत आवडणारी गोष्ट आता सांगतो. जुन्या इंग्रजी बायबलमधल्या तेविसाव्या स्तोत्रात 'आय शॅल नॉट वाँट' असं आहे. मराठी बायबलमध्ये तिथे 'मला काही उणे पडणार नाही' असं येतं. अर्थ अचूक आहेच, पण 'वाँट' आणि 'उणे' हे शब्दही दूरचे भाऊबंद आहेत. संस्कृत 'ऊन' आणि नॉर्स 'वान्ता' एकाच प्राचीन धातूपासून निघालेले मानले जातात. चंद्राच्या कलेकलेने घटण्याला इंग्रजीत 'वेन' म्हणतात, तोही याच कुळातला. आपल्या 'एकोणीस'मध्ये तोच 'ऊन' दडला आहे : एकाने उणे वीस.

वाक्याच्या रचनेतही नातं दिसतं. आइसलँडच्या भाषेत आजही 'मिग वान्तार' म्हणतात. त्यात 'मी' कर्ता नसतो, 'मला' असतो. 'मला उणं पडतं', 'मला हवं आहे' यांत आपणही तेच करतो. इंग्रजीने मात्र पुढे 'मला'चा 'मी' केला.

तर बाई, मामीचं ते वाक्य मराठीत मी असं लिहीन : 'त्याच्यात उणं आहे ते एवढंच, थोडा खेळकरपणा.'